साहेबांचा गुडघा

आमचे काका पट्टे करायचे. कमरेचे, मानेचे, पण खरं नाव गुडघ्याच्या पट्ट्यांचं. इस्पितळामागच्या गल्लीत त्यांचं दुकान, आत चामड्याचा आणि सोल्युशनचा वास. लंगडत येणाऱ्याकडे नुसतं बघून माप सांगायचे. त्याचा त्यांना तोरा होता, आणि मी सख्खी पुतणी असले तरी सांगते, जरा जास्तच होता.

काकू गेल्यावर घरात उरलं कोण, तर काकूंचा म्हातारा कुत्रा. ऐटीत चालायचा, हाक मारली तरी पटकन वळायचा नाही, म्हणून सगळे त्याला साहेब म्हणायचे. काका तर अहो-जाहो करायचे. "साहेब, चला, दुकान उघडायचंय." की साहेब पुढे, काका मागे. ते चालणं थांबलं तर काका अंथरूण धरतील, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं.

आणि एका सकाळी साहेब मागचा पाय उचलून उभे राहिले.

मी म्हटलं, "डॉक्टरकडे नेऊ या." काका उखडलेच. "जन्म गेला माझा गुडघ्यांत! मला कोण शिकवणार गुडघा?" मागच्या पायात मधोमध उलटा वळलेला सांधा दिसतो ना, त्याचं त्यांनी माप घेतलं. मऊ चामडं, पितळी बकलं, दोन्ही बाजूंनी धातूच्या पट्ट्या. देखणं काम होतं, खोटं कशाला बोलू? रोज सकाळी साहेब आडवे होऊन पाय लांब करायचे, काका पट्टा बांधायचे आणि म्हणायचे, "झालं हं. आता बरं वाटेल." साहेब त्यांचा हात चाटायचे.

बरं कसलं वाटतंय! थोड्याच दिवसांत साहेबांचं उठणंच बंद झालं. तेव्हा कुठे काका डॉक्टरकडे यायला तयार झाले.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडावर धरला. "काका, तुम्ही बांधलंत तो गुडघा नाही, टाच आहे. कुत्रं जन्मभर चवड्यांवर चालतं, टाच कधी टेकतच नाही. गुडघा इथे, वर." त्यांनी काकांचा हात धरून साहेबांच्या पोटाजवळ केसांत नेला. तिथे टम्म सूज होती. "आतला बंध तुटलाय, त्यामुळे हाडं एकमेकांवरून घसरतात. टाच जखडल्यावर सगळा भार दुसऱ्या पायावर गेला. आता तोही गुडघा गेलाय."

"ऑपरेशन?" मी विचारलं.

"हृदय थकलंय त्याचं. भूल झेपणार नाही."

घरी आल्या आल्या काकांनी पट्टा कोपऱ्यात भिरकावला आणि मटकन खाली बसले. "टाच बांधली गं मी," म्हणाले. "टाच!" एरवी माझ्या तोंडाला तोंड देणं सोपं नाही, पण त्या वेळी मला नुसतं रडू आलं.

दुसऱ्या दिवशी चहा घेऊन गेले, तर काका साहेबांजवळ जमिनीवर बसलेले. दुकान उघडायचं नावही काढलं नाही त्यांनी. साहेबांना उठता येत नव्हतं. त्यांनी काकांकडे बघितलं आणि रोजच्यासारखा तो पाय कसाबसा लांब केला.

काकांनी तोंड फिरवलं. साहेबांनी पाय काही मागे घेतला नाही.

"तो पट्टा दे इकडे," काका म्हणाले.

"आता कशाला, काका?"

"वाट बघतायत ते."

काकांनी धातूच्या पट्ट्या उपसून काढल्या आणि नुसतं चामडं सैलसर गुंडाळलं. बकल अलगद लावलं.

"झालं हं," ते म्हणाले. "आता बरं वाटेल."

साहेबांनी त्यांचा हात चाटला.