बियाण्याचं खरबूज

आल्यागेल्याला उपाशी न सोडणारा माणूस घरात असला की गावाला तो देवमाणूस वाटतो आणि घरातल्या बायकांचं कंबरडं मोडतं. माझे सासरे ओलाबेरगान असेच. खोरेझ्म प्रांतातल्या आमच्या गावात त्यांनी चाळीस वर्षं आजोबांच्या वाणाचं हिवाळी खरबूज पिकवलं. हे फळ शरदात कच्चंच काढायचं आणि लव्हाळ्याच्या शिंक्यात टांगायचं. वसंतात नवरोजच्या सणाच्या सुमारास ते मधासारखं होतं, बीसुद्धा तेव्हाच भरतं.

हा वाण दुसऱ्या कुणाकडे उरला नव्हता. त्या वर्षी कालव्याचं पाणी उशिरा आलं आणि वेल करपले. साठवलेलं बी वसंतातच सगळं पेरून झालेलं. हाती एकच फळ लागलं, तेवढ्यावर सगळी आशा.

तेवढ्यात मोहल्ल्याचे अध्यक्ष आले. सासऱ्यांना सगळे अका, म्हणजे दादा, म्हणतात. "ओलाबेरगान-अका, सुगीच्या मेळ्यात आपल्या मांडवाला तुमचं खरबूज हवंच. नुसतं मांडायचं. संध्याकाळी जसंच्या तसं घरी."

"न्या की," सासरे म्हणाले. मी नवऱ्याकडे पाहिलं. कुवोंदिक छताकडे बघत होता.

आम्ही सातजण इवल्याशा दमास गाडीत कोंबून निघालो. सासूबाईंच्या मांडीवर माझी धाकटी, सासऱ्यांच्या मांडीवर खरबूज. जपणूक कुणाची जास्त, ते विचारू नका. मेळ्यात पोरांनी पाळण्यासाठी भोकाड पसरलं, पण सासरे फळापासून हलेनात.

दुपारी राजधानीचे पाहुणे आले. त्यातले एक जाडे साहेब आमच्या फळापुढे थांबले. "हे कसलं? चवीला कसं असतं?"

एवढंच विचारलं. पण आमच्याकडे पाहुण्यानं फळापुढे उभं राहून चव विचारली की सुरी काढायची. न काढणाऱ्याच्या तोंडाला काळं.

अध्यक्षांनाच घाम फुटला. "अका, राहू द्या, हे मांडणीचं आहे."

"पाहुण्याला नुसतं दाखवू? कुत्र्याला हाड दाखवतात तसं?" सासऱ्यांचा हात कमरेच्या सुरीकडे गेला.

"बाबा, मांडवातल्या त्या दुसऱ्या खरबुजांच्या ढिगातलं कापा ना!" मी ओरडले. कुवोंदिकनं माझी बाही ओढली. "गप बस. लोक बघताहेत."

लोक बघताहेत म्हणे! तोवर सासऱ्यांनी सुरी चालवली होती. आत फळ पांढरंफटक होतं. साहेबांनी एक घास घेतला आणि रुमालात थुंकला. "ही तर काकडी!" सगळे खिदळत पुढच्या मांडवात गेले. मेळ्यात बक्षीस म्हणून देतात तो झगा कुणीतरी सासऱ्यांच्या खांद्यावर टाकून गेलं. तो त्यांना घोट्यापर्यंत येत होता.

ते तसेच जमिनीवर बसले आणि गर चाचपू लागले. "सूनबाई, तुझी नजर चांगली आहे. एखादं तरी भरलंय का बघ."

मी एकेक बी नखानं दाबलं. सगळी फोलपटं. "एकही नाही, बाबा."

त्यांनी सुरी पुसून कमरेला खोचली. मग म्हणाले, "पाहुण्याचं तोंड काही गोड झालं नाही. त्याला वाटेल, आपल्याकडे असलंच पिकतं."

माझ्या अंगाची लाही झाली. अजूनही तो राग गेलेला नाही, आणि तो नेमका कुणावर आहे तेही मला सांगता येत नाही.

पुढच्या वसंतात त्यांनी बाजारचं बी लावलं. खरबुजं झकास गोड निघाली. दारात येईल त्याला ते कापून द्यायचे, आग्रह करकरून. स्वतः मात्र त्यांनी एक फोडही तोंडात घातली नाही.