पंख्यावरचा उजेड

अकोल्यात माझ्या सरकीच्या दुकानासमोर तो पंखे दुरुस्त करायचा. बोलताना मान वर करत नसे. टॉकीजने फेकलेल्या फिल्मचे तुकडे सुईने खरवडून रंगवणं हा त्याचा नाद.

एका दुपारी मी भडकून त्याच्या दुकानात शिरलो. "महिना झाला, माहा पंखा कुठं हाय?"

त्याने बोट दाखवलं. माझ्या पंख्याच्या मोटारीवर भोकं पाडलेली टिनाची चकती फिरत होती. भोकांवर त्या फिल्म चिकटवल्या होत्या, मागे बल्ब होता आणि भिंतभर लाल-निळ्या रेघा धावत होत्या. मी ओरडायचंच विसरलो.

"सगळंच दे मले. काय घेशील?"

"इकाले नाही बनवलं, शेठ." त्याने बटण बंद केलं आणि पंखा जोडून माझ्या हातात ठेवला.

मी घासाघीस करून वर आलेला माणूस. "आठ दिवस राहू द्या" एवढं तो म्हणाला असता, तर मी पंखा सोडला असता. तो म्हणाला नाही, हा राग अजून आहे.

पुढे मीच पंखा परत नेला. "पुन्हा बंद पडला. राहू दे महिनाभर."

त्याने तो लावून पाहिला. "चांगला चालून राहिला, शेठ. घेऊन जा."

चकती खिळ्याला टांगलेली होती. तिच्यावर धूळ बसली होती.