चौकशीच्या दिवशीची कोंबडी

काल नातवानं जेवायला वर्तमानपत्र पसरलं. त्यावर रस्सा सांडला, भिजल्या शाईचा वास आला आणि मी मनानं पाली गावातल्या सासरच्या चुलीपुढं जाऊन बसले.

नवी सून होते मी. फौजदार फेरीवर आला की फुकट कोंबड्या उचलतो, हे माझ्या सासऱ्यांनी पुण्याच्या वर्तमानपत्राला कळवलं होतं. ते छापून आलं आणि चौकशीला फौजदाराच्या वरचे साहेब आले.

"पाव्हणं लांबनं आल्यात, उपाशी कसं धाडायचं?" म्हणत सासूबाईंनी अंड्यावरची कोंबडी धरून आणली. मी वाटण वाटलं.

साहेब ओसरीवर पोटभर जेवले. मग त्यांनी सासऱ्यांना विचारलं, "ही कोंबडी मी मागितली होती?"

"न्हाई, साहेब."

"मग फौजदारानं तरी मागितली कशावरून?"

सासऱ्यांनी हात धुवायला पाण्याचा तांब्या पुढं केला. साहेबांनी ती बातमी छापलेल्या वर्तमानपत्रालाच हात पुसले आणि घोडं मागवलं.

तेव्हा मला वाटलं, सासरे भ्याले. आता वाटतं, त्यांना खरंच उत्तर सापडलं नसावं.

उरलेला रस्सा आम्ही संध्याकाळी भाकरीशी खाल्ला. रस्सा चांगला झाला होता.