काय खावंसं वाटते?

"आता औषध बंद," अकोल्याचे डॉक्टर म्हणाले आणि आनंदाची बातमी दिलेला माणूस रेलतो तसे खुर्चीत मागे रेलले. मी मात्र खुर्चीच्या काठावर आलो.

डाव्या टाचेजवळच्या काळ्या डागाला मी वर्षभर कुरूप समजत होतो. कॉलेजात जन्मभर मराठी शिकवल्यामुळे 'कुरूप' हा शब्दच मला इतका आवडला होता की डाग दुसऱ्या कुणाला दाखवावासा वाटला नाही. दाखवला तेव्हा तो त्वचेचा कर्करोग निघाला. टाच कापून झाली, मग जांघेत गाठ आली, ती काढली, मग फुप्फुसांत तीन ठिपके दिसले. त्यानंतर दर तीन आठवड्यांनी, मंगळवारी, अमरावतीहून अकोल्याला जायचं, हाताला नळी लावून तासभर पडून राहायचं, जठारपेठेत धाकट्या बहिणीकडे जेवायचं आणि परत यायचं. अशी दोन वर्षं. हे औषध गाठीला मारत नाही, शरीराच्या शिपायांना जागं करतं, असं डॉक्टरांनी पहिल्या दिवशी समजावलं होतं. आमच्या घरात त्याला सगळे 'सलाईन' म्हणत.

शिपाई जागे झाले हे खरं. त्यांनी ठिपके पुसले आणि जाता जाता थायरॉईड ग्रंथीही निकामी केली. एकदा आतड्यांवर चाल करून मला पंधरा दिवस दवाखान्यात पाडलं. हातांवर पांढरे चट्टे उठले. नातेवाइकांना त्यात कोड दिसलं, डॉक्टरांना औषध लागू पडल्याचा शुभशकुन.

"आणखी सहा महिने चालू ठेवू या की," मी म्हणालो.

"कशासाठी? लागोपाठ दोन स्कॅन स्वच्छ आहेत. मागच्या वेळी आतडं सुजलं, पुढच्या वेळी काय सुजेल सांगता येत नाही. शिपाई आता शिकलेत, सर."

"आणि विसरले तर?"

"तर पुन्हा सुरू करता येईल. तीन महिन्यांनी स्कॅन करूच."

एकेक वाक्य चोख होतं. मी विद्यार्थ्यांना जन्मभर सांगत आलो की मुद्दा पटला तर मान्य करावा. मुद्दा पटला होता, पण हाताची शीर नळीची वाट पाहत होती.

तेवढ्यात दवाखान्याचे व्यवस्थापक आत आले. उपचार पूर्ण झालेल्या रुग्णानं बाहेरची पितळी घंटा वाजवायची, अशी नवी प्रथा त्यांनी सुरू केली होती. शाल होती, नारळ होता, फोटो काढणारा होता आणि 'कर्करोगाचा विजेता योद्धा' असं छापलेला फलक होता. मी त्यांना सांगितलं की दोन वर्षं मी फक्त पडून होतो, तेव्हा सत्कार पलंगाचा करा. नाहीतर त्या शालीऐवजी आणखी एक बाटली लावा. ते हसले. रुग्ण विनोदी असला की दवाखान्याला बरं वाटतं. मला दंडाला धरून बाहेर नेलं. बायको मात्र आतच थांबली. दहा मिनिटांनी आली तेव्हा घंटा समोर पाहून तिनं आधी चपला काढल्या, हात जोडले. तिचे डोळे लाल होते.

"आत काय करत होतीस?"

"गोळ्या इचारत होती. कोन्ती कवा घ्याची ते," ती म्हणाली.

त्या दिवशी जठारपेठेतून बहिणीनं सगळ्या नात्यागोत्यात फोन केले. वाक्य एकच: "भाऊचं औषध बंद केलं डाक्टरनं." वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण आमच्या वऱ्हाडात या वाक्याला पिढ्यान्‌पिढ्या एकच अर्थ आहे. औषध बंद केलं म्हणजे डॉक्टरनं हात टेकले. आता घरी न्या, सेवा करा, आणि ज्यांना भेटून घ्यायचं असेल त्यांनी भेटून घ्या.

चार दिवसांनी माझा थोरला चुलतभाऊ अचलपूरकडच्या गावाहून एस.टी.नं आला. हा माणूस लग्न आणि मयत सोडून शिवार सोडत नाही, आणि घरात लग्न नव्हतं. पिशवीभर संत्री खाली ठेवून तो माझ्याजवळ बसला. माझा हात हातात घेतला. लहानपणी त्यानं मला विहिरीत ढकलून पोहायला शिकवलं होतं; त्यानंतर त्यानं माझ्या अंगाला हात लावल्याचं मला आठवत नाही.

"कसा हायेस?"

"बरा आहे, दादा."

त्यानं माझ्या बायकोकडे पाहिलं. मग घसा साफ करून मला विचारलं, "काय खावंसं वाटते तुले?"

वऱ्हाडातला पाहुणचार असं विचारत नाही. तो ताटात वाढतो आणि नको म्हटलं की दुप्पट वाढतो. हा प्रश्न फक्त एकाच वेळी विचारला जातो. मीही तो आयुष्यात विचारला आहे, आणि ज्यांना विचारला ते आज नाहीत.

"दादा, मी बरा झालो म्हणून औषध बंद केलं."

"हाव ना," तो पाठीवर थोपटत म्हणाला. "बराच हायेस तू. कोन म्हन्ते नाई?"

थोड्या वेळानं तो पाणी प्यायला आत गेला. त्याच्या कुजबुजीला शेतावर हाका मारायची सवय आहे. "त्याले सांगतलं नाई वाट्टे?"

"तसं नाई हो, भाऊजी. खरंच बरे हायेत ते."

"ठीक केलं. सांगूच नोको. जीव खाते मानसाचा."

पुढचे पंधरा दिवस घरात परत करायची भांडी ठेवायला जागा उरली नाही. मावसबहिणीनं मांडे आणले. शेजारच्या काकूंनी रोडगे आणि वांग्याची भाजी आणली, आणि मी खात असताना पदर डोळ्याला लावला. निवृत्त प्राचार्य आले. ते भाषणाशिवाय कुठे जात नाहीत. "सर फार परखड होते," त्यांनी सुरुवात केली.

"होते?"

"आहेत, आहेत," ते म्हणाले आणि पुढचं सगळं भाषण भूतकाळातच केलं.

सुरुवातीला मी प्रत्येकाला समजावत होतो. शिपाई, स्कॅन, सगळं. पण मी जितकं समजावायचो तितके ते जास्त मायेनं मान डोलवायचे. आमच्याकडे रोग्याला खरं सांगत नाहीत, तेव्हा 'मी बरा झालो' असं छातीठोकपणे सांगणारा माणूस हा घरच्यांनी फसवलेला माणूसच असणार. आणि एक दिवस, कुणाला तरी हे सगळं सांगता सांगता, माझ्याच तोंडचं वाक्य माझ्या ओळखीचं निघालं.

"औषध बंद केलं, आता तुम्ही बरे झालात, बाबा." हे वाक्य मी माझ्या वडिलांना म्हटलं होतं. त्यांच्या पोटात कर्करोग होता आणि डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सगळं सांगितलं होतं. कागद दोन केले होते, एक खरा आणि एक बाबांना दाखवायचा. बाबांनी दाखवायचा कागद चष्मा लावून पूर्ण वाचला, घडी घालून परत दिला. मी विचारलं, काय खावंसं वाटतं? ते म्हणाले, कळण्याची भाकर. दोन घास खाल्ले, चांगली झाली म्हणाले. महिन्याभरात गेले. त्यांना समजलं होतं की नव्हतं हे मला आजवर माहीत नाही. मी चांगलं खोटं बोललो, याचा मला त्या वेळी थोडा अभिमानही वाटला होता.

मग माझी बायको आत दहा मिनिटं कोणत्या गोळ्या विचारत होती?

एकदा हा विचार शिरल्यावर घर राहण्यासारखं राहिलं नाही. ती आंघोळीला गेली की मी फाइल काढायचो. अहवालात रोगाचा पुरावा दिसत नाही, असं लिहिलं होतं. वडिलांच्या दुसऱ्या कागदावर याहून चांगलं लिहिलं होतं. भाजी चवदार झाली की मला भीती वाटायची आणि बेचव झाली की वाटायचं, हिचं लक्ष कुठे आहे? मी खोकलो की स्वयंपाकघरातला आवाज थांबायचा. आंघोळ करताना मी जांघ चाचपायचो, काख चाचपायचो, मान चाचपायचो, आणि दोन मिनिटांनी पुन्हा पहिल्यापासून. दोन वर्षं दर तीन आठवड्यांनी कुणीतरी माझ्यासाठी काहीतरी करत होतं. आता करण्यासारखं काही नव्हतं, आणि बरं होणं ते हेच, असं मला सांगण्यात आलं होतं.

तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार आला. बाटलीचा मंगळवार. वाचनालयात जातो असं बायकोला सांगून मी बडनेऱ्याला गेलो आणि अकोल्याच्या गाडीत बसलो. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा उतरून परत जावं असं वाटलं, पण परत जायचं ते कुठे, म्हणून बसून राहिलो.

डॉक्टरांनी मला पाहिल्यावर आधी पायाकडे पाहिलं. "काही त्रास?"

"बाटली लावा," मी म्हणालो. मला नीट प्रस्तावना करायची होती, पण एवढंच बाहेर आलं. "एक तरी. हात जोडतो."

"सर, आपलं बोलणं झालंय."

"तुम्ही मला खोटं सांगताय. बायकोला आत थांबवून खरं सांगितलंत. मला माहीत आहे हे कसं करतात, मी माझ्या वडिलांशी केलंय."

त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. राखाडी ढगांसारखं काहीतरी होतं. मला त्यातलं काही कळत नाही हे त्यांनाही माहीत होतं.

"मी थांबवलं नाही त्यांना," ते म्हणाले. "त्या स्वतः थांबल्या. तुम्ही आज जे मागताय तेच मागत होत्या. असेच हात जोडून. मी त्यांनाही नाही म्हटलं."

"म्हणजे रोग पुन्हा येणार नाही?"

"ते मी म्हटलेलं नाही. येऊ शकतो. येऊ नये म्हणून आणखी बाटल्या लावून फायदा होईल असं मला वाटत नाही, एवढंच म्हणतोय."

वडिलांना मी असं काही म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं, आता काहीच होणार नाही. खोटं बोलणारा माणूस हमी देतो. या माणसानं दिली नाही. त्यामुळे त्यांच्यावर माझा विश्वास बसला, आणि त्यामुळेच मी जिना कठडा धरून उतरलो.

जठारपेठेत न जाता मी परतीची गाडी धरली. घरी पोचलो तेव्हा बायको पुढच्या खोलीत मेथी निवडत बसली होती.

"वाचनालय अकोल्याले गेलं वाट्टे," ती मान वर न करता म्हणाली. "बडनेऱ्याले शेजारच्या काकूच्या जावयानं पायलं तुमाले."

"तू डॉक्टरांकडे आणखी बाटल्या मागितल्यास?"

तिचा हात थांबला. "मंग? मांगू नोको?"

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? का मले भेव वाटून राह्यलं? तुमी तं समद्याइले सांगत बसले होते, मी बरा झालो, मी बरा झालो. मले वाटलं, एक तरी मानूस घरात बिनघोर असू दे."

"मी नाही बिनघोर."

"नाई?"

"बिलकूल नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. पुष्कळ दिवसांत आम्ही एकमेकांकडे चेहरा न सावरता पाहिलं नव्हतं. दोघांच्या हातात काही नव्हतं. मेथीची जुडीसुद्धा खाली पडली होती.

"मंग आता दोघंबी भिऊ," ती म्हणाली. "दोनच तं मयने रायले फोटोले."

स्कॅनला ती फोटोच म्हणते.

"दोन महिने नऊ दिवस," मी म्हणालो.

"नऊ दिवस कायले वाढोता?" ती ओरडली आणि रडायला लागली.