अकरा वीस

भुजंग सतरा वर्षं फौजेत होता, पण हातात बंदूक कमी आणि पट्ट्या जास्त. गोळ्या चालू असताना जखमी जवानाचं रक्त थांबवायचं, ही त्याची नोकरी. पेन्शन घेऊन शहागडला आला, हायवेला चहाचं हॉटेल टाकलं. तर गावानं नाव काय ठेवावं? पट्टीवाला! अपघातात काय करायचं ते शिकवतो म्हणाला, तर रामप्रसाद, म्हणजे गावातल्या प्रत्येक गर्दीचा बिनपगारी पुढारी, खिदळला. "इथं कुठं लढाई चालूय, फौजी?"

लढाई हॉटेलासमोरच झाली. चांदपाशाच्या पंक्चरच्या दुकानात ट्रकच्या चाकात हवा भरताना लोखंडी रिंग उडाली. चांदपाशाची मांडी फाटली, ड्रायव्हर अंगदच्या छातीला मार बसला. भुजंग पळत आला तोवर बघ्यांचं कडं झालेलं. एकजण तोंडात पाणी ओतून राह्यला, एकजण हळद आणायला गेलेला, चौघांचे मोबाईल वर. रक्त दाबून धरायला मात्र एकही मायचा लाल न्हाई!

"व्हा बाजूला, मुडद्यांनो!"

चांदपाशाची बायको मैमूना, तिची ओढणी त्यानं जखमेच्या वर आवळली, गाठीत पाना घातला आणि रक्त थांबेपर्यंत पिळला. चांदपाशा किंचाळला.

"बोंबल! बोंबलतोस म्हणजे जिता हायेस."

मंग पंक्चरची जागा दाखवायचा पिवळा खडू उचलून चांदपाशाच्या कपाळावर लिहिलं, ११:२०.

"कधी बांधलं, ह्येच डॉक्टर पहिलं विचारतेत. दोन तासांत पोचा, पाय वाचंल. पाना कुणी ढिला करायचा न्हाई."

अंगदला श्वास घेता येईना, म्हणून भुजंगला मागं राहणं भाग होतं. त्याला टेकवून बसवून तो वळला. चांदपाशाला रस्त्यावरच्या एका जीपमध्ये घातलेलं, मैमूना शेजारी, आणि त्याचं कपाळ साफ! रामप्रसादच्या हातात ओला टॉवेल.

"मुसलमानाला टिळा लावतो व्हय रे? गावात दंगल करतो का?"

भुजंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "टिळा? आकडे होते त्ये, आकडे! डोळे फुटले का तुझे?" आणि चारचौघं रामप्रसादच्या बाजूनं माना हलवत होते, शहाणे! भुजंगनं पुन्हा लिहायला घेतलं, तर ओल्या कपाळावर खडू उमटेना.

मैमूनानं त्याच्या हातातला खडू ओढून घेतला. जीपच्या आरशात बघत स्वतःच्या कपाळावर तेच आकडे काढले, ठळक.

"अब पोंछो," ती रामप्रसादला म्हणाली. "लावा हात."

टॉवेल जागच्या जागी राह्यला. जीप गेली. पाठोपाठ अँब्युलन्स आली, अंगदही गेला.

दुपारी मैमूनाचा फोन आला. डॉक्टरांनी कुणाला काही विचारलं न्हाई. तिचं कपाळ वाचलं, घड्याळ बघितलं. एक वाजायला दहा मिनिटं होती. पाय वाचला.

भुजंगनं डोळे पुसले. बाकड्यावर रामप्रसाद चहा पीत चौघांना सांगत होता, "म्या जल्दी जीप भरून देली, म्हणून वाचला."

भुजंगनं त्याच्या हातातला अर्धा कप काढून घेतला आणि मोरीत ओतला.