काळी रेघ

तुळजापूरच्या अलीकडं आमचं शेत माळावर आहे. थंडीत तिथं अंधार चांगला मिळतो. मी आणि माझ्या थोरल्या वहिनी, निवृत्त शिक्षिका, दुर्बीण लावून मृगाच्या पूर्वेचा एक लहानसा तेजोमेघ बघायचो. फिकट, पंख्याच्या आकाराचा. त्याच्या टोकाशी एक कोवळा तारा आहे, अजून स्थिरावला नाही. ताऱ्याजवळ धूळ फिरते, तिच्या सावल्या तेजोमेघावर पडतात आणि काही आठवड्यांत त्याचं रूप पालटतं. आम्ही पाळीपाळीनं बघायचो, एकमेकांना न दाखवता चित्र काढायचो, मग ताडून पाहायचो. नियम वहिनींचाच.

त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्या हिवाळ्यात त्या म्हणाल्या, "भाऊजी, कडेला काळी रेघ आलीय बघा. मागं नव्हती."

मला दिसली नाही. दिसणार कशी? त्यांची पाळी चालू असताना मी पाठ फिरवून मोबाइल बघितला होता. डोळे एकदा दिपले की असलं फिकट काही बराच वेळ दिसत नाही, हे मला त्यांनीच शिकवलेलं. सांगायची लाज वाटली. मागच्या खेपेचा पंखा आठवून तसाच काढला आणि म्हणालो, "आहे तसाच आहे की."

"मग डोळाच बिघडला म्हणायचा," त्या हसल्या. पण पुढच्या खेपेला शाल गुंडाळून बसूनच राहिल्या. "तुमीच बघा. मला आपलं सांगा."

त्याच खेपेला मला रेघ दिसली. स्पष्ट. मी बोललो नाही. दोन हिवाळे त्या चहा घेऊन येत राहिल्या, आणि मी बघून सांगत राहिलो.

यंदा माळावर पोचल्या पोचल्या सगळं सांगून टाकलं.

"दोन हिवाळे?" त्या म्हणाल्या. "आन मधल्या सावल्या?"

"गेल्या, वहिनी. आता येतील त्या वेगळ्या."

मी बसलो होतो त्या स्टुलाजवळ त्या येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "लई शहाणे तुम्ही. डोळ्याच्या डॉक्टरला म्या उगीच शिव्या घातल्या. उठा तिथनं."

मी स्टूल सोडलं. त्या दुर्बिणीला डोळा लावून बसल्या.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"तुम्हाला कशाला सांगू?"

त्या रात्री माझी पाळी फार उशिरा आली.