फुलोऱ्यात कात्री

ललित बोलायला लागला की पिंपळगावच्या टपरीवर लोकांचे चहा गार होतात. माणूस टेम्पोवाला, पण मनमाडच्या एका खेपेत भेटलेली पाच माणसं एकटा उभी करतो, प्रत्येकाचा आवाज वेगळा. आणि त्याच्या हातात पेन द्या, गडी संपला! दहावीला निबंधाच्या जागी त्याची तीन वाक्यं होती, तीही खोडलेली.

यंदा चंपाषष्ठीच्या यात्रेत आपलंच नाटक करू, असं मी गावात बोलून बसलो. गोष्ट ललितची, बसवणार मी. यात्रा कमिटीचे सावळीराम अण्णा म्हणाले, "तोंडी काय चालायचं नाय सोमनाथ. रविवारी लिहून आणा, नायतर ऑर्केस्ट्रा सांगतो." ललितचा चेहरा पडला. हे नाटक तो तीन वर्षं डोक्यात घेऊन फिरत होता.

"तू सांग, मी उतरवतो," मी म्हणालो. मला लिहायला काय, एक शब्द पुढच्याला ओढून आणतो. एका बैठकीत पहिला प्रवेश तयार! ललितने ऐकला आणि मान हलवली. "सोम्या, झकास हाय. पण ही माझी माणसं नाय. सगळी तुझ्यासारखी बोलत्यात. माझं मलाच लिहायचंय." माझं डोकंच फिरलं. पण बोलला ते खरं होतं.

मग तो लिहायला बसला आणि मी समोर. त्याच्या डोक्यात अख्खा प्रवेश एकदम उभा राहतो, माणसं, आवाज, सगळं. पहिला शब्द लिहिताना वेलांटी कुठली यात तो अडकायचा, आणि मान वर करेपर्यंत वाक्य पळालेलं. मग खोडायचं. आळशी नाही, मठ्ठ तर मुळीच नाही. पण आठवायचं, जुळवायचं, लिहायचं आणि तपासायचं, हे सगळं एका दमात त्याला जमत नव्हतं. शुक्रवार उजाडला तरी कागदावर नुसती खोडाखोड.

त्या दिवशी आमच्या द्राक्षबागेत विरळणी होती. घडात मणी दाटले की कात्रीने मधले काढायचे, म्हणजे उरलेले फुगतात. ललित मदतीला आला आणि कात्री चालवता चालवता दुसरा प्रवेश बोलायला लागला. असा बोलला, असा बोलला, की पलीकडच्या ओळीतल्या सिंधुबाई हसून हसून खालीच बसल्या!

"अरे, मग हे कागदावर का येत नाही?" मी वैतागून ओरडलो. ओरडता ओरडता हातातल्या घडाकडे लक्ष गेलं. "लेका, लिहिताना तू फुलोऱ्यातच कात्री लावतोस! आधी मणी तरी धरू दे!"

त्याने कात्री खिशात घातली. मग म्हणाला, "मोबाइल काढ!"

वेलींच्या ओळीतून फिरत त्याने सगळं नाटक बोलून काढलं, मी रेकॉर्ड केलं. घरी तो एक वाक्य ऐकायचा, थांबवायचा, लिहायचा. खोडायचं नाही, वेलांटी बघायची नाही, एवढीच माझी अट. लक्षात ठेवायचं काम आता मोबाइलकडे होतं, त्यामुळे हात मोकळा झाला. शनिवारी कागद भरले, मग त्याने कात्री लावली. मला सगळ्यात आवडलेला विनोदही उडवला मेल्याने! मी फक्त शुद्धलेखन पाहिलं. काय आनंद झाला होता मला, जणू नाटक मीच लिहिलंय.

रविवारी अण्णांनी पहिलं पान वाचलं, खुदकन हसले, घाईघाईने दुसरं उलटलं. ऑर्केस्ट्राचं नाव निघालं नाही.

सोमवारी तालीम. नाटकात काम करणाऱ्या झिपरूने हातातल्या कागदाकडे न बघता आपल्याच मनाचं एक वाक्य ठोकून दिलं. मी काही म्हणायच्या आत मागून ललित गरजला, "ए झिपरू! पदरचं घालू नको. मी काय लिहिलंय ते वाच!"